दिलेलं दुखणं

“विश्वास बसायचा नाही कोणाचा,” एवढं म्हणून शिट्टीमास्तर थांबत, आणि ते थांबले की समोरचा माणूस आपसूक जवळ सरकून बसे. मास्तरांच्या सगळ्या गोष्टी याच दारातून आत येत. एकदा म्हणे त्यांनी शिट्टी अशी फुंकली, की पलीकडच्या चौकातला पोलीस आपण होऊन बाजूला उभा राहिला आणि स्वतःलाच दंड करू लागला. तरुणपणी एका शर्यतीत ते इतके पुढे निघून गेले, की त्यांची सावली मागे राहिली. शेवटच्या रेषेपाशी तिची वाट बघत उभं राहावं लागलं, म्हणून दुसरा नंबर आला.

लोक पोट धरून हसत. “मास्तर, पुरे आता!” म्हणत. पण मास्तरांना खोटारडा कोणी म्हणत नसे, कारण त्या थापांनी कोणाचं कधी काही बिघडलं नव्हतं. एक थाप सोडून. ती थाप विद्यापीठाच्या मैदानाच्या कडेला बाकावर बसे आणि सगळ्यांच्या चपला सांभाळे.

ती मास्तरांची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत. हे नाव तिला कसं पडलं असेल, असा प्रश्न तिला बाकावर बसलेली बघून कोणालाही पडावा.

त्या सकाळीही ती नेहमीसारखी बसली होती. पाठ ताठ, एक हात मांडीवर, दुसरा छातीच्या डाव्या बाजूला. विद्यापीठाने व्यायामाचा तास सगळ्यांना सक्तीचा केला होता आणि शिट्टीमास्तर त्या तासाचे धनी होते. मुलं आपापल्या घरचं वळण घेऊन मैदानात उतरत. कोणी दंड फुगवून काचेच्या खिडकीपुढेच घुटमळे. एका हमालाच्या मुलाने तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं होतं, “मास्तर, घरी बापाबरोबर पोती उचलतो. इथे येऊन पुन्हा लोखंड उचलायचं, तर मग माणसाने बसायचं कधी?” मास्तरांनी त्याला सावलीची गोष्ट सांगितली आणि हसताहसता पळायला लावलं.

मुलींना मात्र गोष्टी सांगाव्या लागत नसत. त्या स्वतःच गोष्टी घेऊन येत.

“हिचा घोटा वळतो हो मास्तर,” एकीचा भाऊ सांगून गेला होता. दुसरीला ऊन बाधे. तिसरीने धाव घेतली की तिच्या डोक्यात घंटा वाजत. मास्तर मान डोलवत आणि बाकाकडे बोट दाखवत. दरवर्षी बाकाची लांबी वाढे. शेवटचा जोड देताना सुतार म्हणाला, “मास्तर, यापुढे वाढवायचा तर कुंपण पाडावं लागेल. नाहीतर निम्म्या मुली रस्त्यावर बसतील.”

घोटा वळणारी मुलगी तास संपला की बस पकडायला अशी सुसाट सुटे, की बसवाला दचकून ब्रेक मारी. मास्तर ते रोज बघत आणि रोज दुसरीकडे बघत.

कारण पहिली कोण बसली होती त्या बाकावर? त्यांची स्वतःची मुलगी. ‘व्यायामाच्या मास्तरांचीच पोर बसते, मग आपली कशाला उन्हात काळी करायची?’ असं घराघरांत बोललं गेलं. मास्तरांच्या कानावरही ते आलं होतं. तेव्हा त्यांनी शिट्टी तोंडात धरली होती. बोलावं लागू नये म्हणून शिट्टीसारखी सोय नाही.

त्या शहरातल्या बऱ्या घरांत एक रीत होती. तिला नाव नव्हतं, आणि विचारलं तर कोणी ती कबूल केली नसती. मुलगी मोठी होऊ लागली, की घरचे तिला एक दुखणं देत. जसे कानातले देतात, तसं. ‘धावू नको, तू मुलगी आहेस,’ असं तोंडाने म्हणायची लोकांना हल्ली लाज वाटू लागली होती. ‘तुला झेपायचं नाही,’ असं म्हणायला मात्र लाज वाटत नव्हती. त्यात माया दिसे.

मास्तरांच्या मोठ्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, त्यांच्या आईने चक्कर दिली होती. अक्कांनी ती आयुष्यभर दागिन्यासारखी मिरवली. वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला की त्या पलंगावर बसून बोट दाखवत, “तो. तो नाही रे, त्याच्या मागचा. मी काढला असता, पण चक्कर आहे ना मला.” मास्तरांच्या बायकोला माहेरून गुडघे मिळाले होते.

आणि भिंगरीला हृदय.

ते दिलं गेलं त्या दिवशी ती पाण्याच्या टाकीभोवती गल्लीतल्या मुलांबरोबर पळत होती. पळत कसली, भिरभिरत होती वाऱ्यासारखी. थोराड मुलं जीव तोडून मागे आणि ही पुढे, वेण्या सुटलेल्या, गुडघा फुटलेला, आणि हसणं असं की मास्तर भान हरपून कठड्याला टेकून बघत राहिले. त्यांनी जन्मभर मुलं पळवली होती. असं पाऊल त्यांनी पाहिलं नव्हतं. टाच जमिनीला लागते न लागते तोच उचललेली. त्यांचा हात शिट्टीकडे गेला, पोरीला शाबासकीची शिट्टी द्यावी म्हणून.

मागून अक्का म्हणाल्या, “बाळ्या, सगळी गल्ली बघतेय.”

“बघू दे की अक्का. काय पळतेय बघ!”

“तेच म्हणतेय मी. काय पळतेय! उद्या पोटऱ्या दगडासारख्या होतील, रंग जाईल. लोक विचारतील, मुलगी आहे का टपालाची गाडी? आज तिला आवर. तुला जमत नसेल तर मी आवरते, आणि माझी पद्धत तुला आवडायची नाही.”

अक्कांची पद्धत मास्तरांना माहीत होती. त्यात पट्टी असे. मास्तरांना वाटलं, त्यापेक्षा आपली पद्धत बरी; तिच्यात गोष्ट असते. त्यांनी घामाने निथळणाऱ्या पोरीला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, “विश्वास बसायचा नाही तुझा.”

पोर लगेच जवळ सरकली.

मग त्यांनी सांगितलं, की ती जन्मली तेव्हा समुद्रापलीकडून एक डॉक्टर आले होते. त्यांची दाढी इतकी लांब, की तीच गुंडाळून कानाला लावून ते नाडी ऐकत. त्यांनी बाळाच्या छातीला कान लावला आणि सगळ्यांना गप्प केलं. म्हणाले, हिचं हृदय काचेचं आहे. अशी हृदयं फार थोड्यांना मिळतात. ती लखलखतात, पण धक्का सोसत नाहीत. पळायचं नाही, उडी मारायची नाही, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचं. आणि सारखं तपासायचंही नाही, तपासणीचा ताण येतो.

भिंगरीने त्या दिवशी प्रथम हात छातीवर ठेवला. मांडीवरून उतरताना ती अगदी हळू उतरली. काठोकाठ भरलेलं भांडं नेल्यासारखी स्वतःला घेऊन घरात गेली. अक्का म्हणाल्या, “शाबास बाळ्या.” आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की मास्तरांना ती शाबासकी गोड लागली. न रागावता, न मारता पोर जागेवर बसली होती. आपली आजवरची सगळ्यात सुंदर गोष्ट आज जमली, असंही त्यांना वाटून गेलं.

गोष्ट मात्र संपायला तयार होईना. पोर मोठी झाली आणि गोष्टही तिच्याबरोबर मोठी झाली.

विद्यापीठात तिने दगडांचा विषय घेतला. भूशास्त्र. घरात जिथे हात घालावा तिथे दगड निघू लागले. कपाटात, खिडकीत, एकदा तर अक्कांच्या चपलेत. एकेक उचलून ती त्याचा जन्म सांगे, तेव्हा तिच्या बोलण्यात मास्तरांचाच आवाज ऐकू येई. फरक एवढाच, की तिच्या गोष्टी खऱ्या असत.

मैदानावरून आल्यावर त्या दिवशी दुपारी जेवताना ती म्हणाली, “मी विषय बदलतेय.”

आई वाढता वाढता थांबली. “का गं? एवढं काय झालं?”

“पुढच्या सोमवारी सगळे डोंगरावर जातायत. आठवडाभर. चढायचं, खडक बघायचे, नमुने आणायचे. ते केल्याशिवाय पुढच्या वर्गात घेत नाहीत. मी सरांना सांगून आले, माझ्या हृदयाचं असं असं आहे. त्यांना फार वाईट वाटलं. म्हणाले, जुन्या भाषांचा विषय घे. तो बसून करता येतो.”

“चांगलं झालं,” अक्का म्हणाल्या. “दगडधोंड्यांत काय ठेवलंय? आणि उन्हात आठवडाभर! परत आलीस तर ओळखू यायची नाहीस.”

भिंगरी हसली. कुरकुर नाही, रडणं नाही. “हृदयच तसं मिळालं, त्याला कोण काय करणार?” असं म्हणून तिने बापाकडे असं मायेने पाहिलं, की जणू तोच दुःखी असेल आणि त्यालाच समजावायचं असेल.

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला.

जेवणानंतर ती वर आपल्या खोलीत निघाली. मास्तर खाली उभे राहून बघत होते. पहिल्या वळणावर ती थांबली. हात छातीवर. श्वास मोजला. पुन्हा चार पायऱ्या. पुन्हा थांबली. आणि तिला खरोखरच धाप लागली होती. मास्तर या धंद्यातले. न वापरलेलं शरीर कसं बोलतं, हे त्यांना कळत होतं. खोटं दुखणं इतकी वर्षं सांभाळलं, की ते खऱ्याचे कपडे घालून फिरू लागतं.

“अगं,” ते स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणाले, “तुला ठाऊक आहे ना, तिच्या हृदयाला काही...”

“ठाऊक आहे.” बायको भांडी विसळत होती. तिने मान वर केली नाही.

“कधीपासून?”

“मी आई आहे तिची. जन्माच्या वेळी मी तिथेच होते. दाढीवाला डॉक्टर मला कसा दिसला नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? मला गुडघे दिले तेव्हा माझ्या आईने काय केलं? गप्प बसली. मला वाटलं, आयांनी असंच करायचं असतं.” तिने ओट्याचा आधार घेऊन एक पाय सरळ केला. “माझे गुडघे खोटे होते हो. आता बघा, बसलं की उठवत नाही. वर्षानुवर्षं वापरलेच नाहीत, ते तरी काय करतील? जा, सांगा तिला.”

“सांगतो.”

“आज सांगा.”

“सांगतो म्हटलं ना!”

पण सांगणं म्हणजे काय, हे मास्तर जसजसे मनात घोळवू लागले तसतशी त्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. ‘तुझं हृदय ठणठणीत आहे’ एवढं म्हणून भागलं असतं का? तिचा पुढचा प्रश्न त्यांना आत्ताच ऐकू येत होता. मग त्यांनी तेच केलं, जे त्यांना येत होतं. एका थापेवर दुसरी थाप रचली.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर त्यांनी खलबत्त्यात साखर कुटली. अगदी पिठासारखी. वेलचीचे दोन दाणे टाकले, औषधाला वास हवा म्हणून. आवाज होऊ नये म्हणून खलबत्त्याखाली उशी ठेवली. पोरीच्या हितासाठी आपण हे करतोय, असं ते स्वतःला बजावत होते, आणि उशीवर सांडलेली साखर चोरासारखी झटकत होते.

“विश्वास बसायचा नाही तुझा,” ते संध्याकाळी तिला म्हणाले. “त्या डॉक्टरांचा एक शिष्य आलाय शहरात. त्याने काच सांधायचं औषध शोधलंय. तीन पुड्यांत माणूस घोड्यासारखा पळतो. सोमवारी तू डोंगरावर.”

भिंगरीने पुडी जिभेवर टाकली. “गोड आहे.”

“हृदयाचं औषध गोडच असतं.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं, ती हसणार. ती हसली नाही. नुसती म्हणाली, “आणि फुटलं तर, बाबा?”

तिच्या डोळ्यांत भीती होती. खरीखुरी, लहानपणी त्यांनीच हाताने पेरलेली. मास्तरांना त्या क्षणी वाटलं, अक्कांची पट्टी परवडली असती. पट्टीचा वळ दोन दिवसांत जातो.

शेवटची पुडी झाल्यावरही ती जिन्यात थांबतच होती.

आणि मग रविवारी सकाळी कुत्रं आलं. रस्त्यावरचं, एका कानाचं, गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचं. त्याने दारातली अक्कांची नवीकोरी चप्पल तोंडात धरली आणि धूम ठोकली.

“अरे मेल्या!” अक्का ओरडल्या, आणि उठल्या.

उठल्या म्हणजे कशा? लुगडं आवरलं, दोन पायऱ्या एका ढांगेत उतरल्या आणि सुटल्या. कुत्रं वळलं की अक्का वळल्या. भाजीवाल्याच्या गाडीला वळसा घालताना कुत्रं घसरलं, अक्का घसरल्या नाहीत. टाकीभोवती त्या दोघांनी पुरी फेरी मारली. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. शेवटी कुंपणापाशी कुत्र्याने मागे वळून बघितलं, आणि मास्तर पुढे शपथेवर सांगत, की त्या जनावराने हात जोडले. चप्पल टाकून ते गेलं ते त्या गल्लीत पुन्हा दिसलं नाही.

अक्का विजयी मुद्रेने परतल्या. उंबऱ्यापाशी आल्यावर त्यांना आठवलं. “अगं बाई... चक्कर,” म्हणून त्या खांबाला धरून हळूच खाली बसल्या.

मास्तर हसण्यासाठी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. जिन्याच्या वळणावर भिंगरी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. ती अक्कांकडे बघत होती, मग दाराला टेकून गुडघे चोळणाऱ्या आईकडे, मग बापाकडे. तिचा हात छातीवरच होता. पण तिने तो आता असा धरला होता, जसा आपण दुकानदाराने दिलेला, वजनात काहीतरी गडबड वाटणारा दगड हातात धरतो.

ती खाली आली. पायात चपला घातल्या.

“कुठे निघालीस?” आईने विचारलं.

“विद्यापीठात. रविवारीही दवाखाना उघडा असतो तिथला.” आणि गेली.

परत आल्यावर ती सरळ वर आपल्या खोलीत गेली. मास्तरांनी तिला काही विचारलं नाही. त्यांनी मनात ठरवून टाकलं, की उद्या मैदानावर, चारचौघांत पुडीची गोष्ट अशी रंगवायची, की पोरीला डोंगरावर जायला वाट मोकळी होईल, अक्कांची मान राहील, आपलीही राहील. कोणालाच काही गमवावं लागणार नाही.

सोमवारी सकाळी मैदानाबाहेर डोंगराची बस उभी होती. भिंगरी बाकावर होती, मांडीवर चपलांची चळत. बाजूला घोटेवाली, उन्हाची, घंटांची, सगळ्या ओळीने. मास्तर बाकापुढे उभे राहिले. मुलंही गोष्टीच्या वासाने जमली.

“विश्वास बसायचा नाही कोणाचा,” मास्तर म्हणाले आणि थांबले. सगळे जवळ सरकले. भिंगरी सरकली नाही.

“माझ्या या पोरीचं हृदय काचेचं. तुम्हाला ठाऊकच आहे. पण परवा शहरात एक वैद्य आला. त्याच्याकडे अशी भुकटी—”

“कुठे उतरला होता, बाबा?” भिंगरीने शांतपणे विचारलं.

“स्टेशनजवळ. तर अशी भुकटी, की फुटकी बरणीसुद्धा—”

“दिसायला कसा होता?”

“दाढी होती. पांढरी. इथपर्यंत.” मास्तरांचा हात पोटापाशी जाऊन अडला. “त्याने कान लावला, आणि—”

“खोटं.”

ती ओरडली नव्हती. तरीही ते मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं, मास्तरांची शिट्टी कधी गेली नसेल इतकं लांब.

“साखर होती ती. वेलची घातलेली. डॉक्टर नव्हता, वैद्य नव्हता. काल दवाखान्यातल्या बाईंनी मला जिना चढायला लावला, उतरायला लावला, पुन्हा चढायला लावला. यंत्र लावून बघितलं. म्हणाल्या, हृदय चांगलं आहे. फक्त त्याला कधी कामच दिलेलं नाही. मग मला विचारलं, तुला हे सांगितलं कोणी?” तिने मांडीवरच्या चपला सावरल्या. “मी म्हटलं, आठवत नाही.”

मास्तरांनी मान खाली घातली. पोरीने त्यांची लाज राखली होती. त्यांच्यासाठी ती परक्या बाईपुढे खोटं बोलली होती, आणि ते ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

घोटेवाल्या मुलीने बाकाखाली दुमडलेले पाय हळूच पुढे काढले आणि त्यांच्याकडे बघू लागली, जणू ते आत्ताच कोणीतरी आणून ठेवले होते.

भिंगरी उठली. मांडीवरच्या चपला तिने बापाच्या हातात दिल्या. मावेनात, काही खाली पडल्या. बसचा हॉर्न वाजला. ती गेली नाही. तिथेच समोर उभी राहिली.

“मी पळत होते,” ती म्हणाली. “टाकीभोवती. मला आठवतंय. तुम्ही कठड्याला टेकून बघत होतात, तुमचा हात शिट्टीवर होता. ती गोष्ट सांगा. आम्हा सगळ्यांना सांगा. तुम्ही शिट्टी का नाही वाजवलीत?”

मास्तरांच्या कवेत चपला होत्या, तोंड मोकळं होतं, आणि सगळ्या जन्माच्या गोष्टींपैकी एकही मदतीला येत नव्हती.

“विश्वास बसायचा नाही...” त्यांच्या तोंडून सवयीने निघालं.

“बसेल,” भिंगरी म्हणाली. “सांगा.”